प्रयोगशाळेतून बाजाराकडे: विज्ञानवाल्यांना वित्ताची वाट कशी मिळाली

फ्रेंच गणितज्ञ लुई बाशेलिए यांनी 1900 साली पॅरिसमध्ये आपला प्रबंध मांडला. भाव यदृच्छ चालीने, म्हणजे कोणतीही ठरावीक दिशा नसल्यासारखे, हलतात असे धरून त्यांनी ऑप्शनची (ठरल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काची) किंमत काढली होती. आइन्स्टाइन यांचा ब्राउनीय गतीवरचा (द्रवातल्या सूक्ष्म कणांच्या अशाच यदृच्छ हालचालीवरचा) निबंध त्यानंतर पाच वर्षांनी आला. बाशेलिएंच्या सूत्रात एक अडचण होती: भाव शून्याखाली जाऊ शकत होता. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ ऑस्बोर्न यांनी 1959 मध्ये भावाऐवजी त्याचा लॉगरिदम घेतला आणि ती अडचण सुटली. पण 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. उण्या भावाचा लॉगरिदम निघत नाही, म्हणून त्याच आठवड्यात तेलाच्या ऑप्शनसाठी बाशेलिएंचे सूत्र पुन्हा वापरात आले. सूत्र पाठ असण्यापेक्षा त्यामागचे गृहीतक ठाऊक असणे किती मोलाचे, हे यातून दिसते.

विज्ञानवाल्यांसाठी खरे दार उघडले 1973 मध्ये. त्या वर्षी ऑप्शनची किंमत काढणारे ब्लॅक-शोल्स समीकरण छापून आले आणि शिकागोत ऑप्शनचा स्वतंत्र बाजारही सुरू झाला. चल बदलले की हे समीकरण उष्णतावहनाचे होते, आणि ते सोडवणे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हातचे काम. पुढे व्याजदरांवरचे डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या कशाच्या तरी भावावर किंमत ठरणारे करार) वाढले, तशी बँकांना असे समीकरण संगणकावर चालवू शकणारी माणसे हवी झाली. कणभौतिकीतले इमॅन्युएल डर्मन 1985 मध्ये गोल्डमन सॅक्समध्ये गेले. 1993 मध्ये अमेरिकी काँग्रेसने टेक्सासमधल्या महाकाय कणत्वरकाचा निधी बंद केला. भौतिकशास्त्रातल्या नोकऱ्या आटल्या आणि वित्ताकडचा ओघ वाढला.

चूक कुठे होते हेही याच इतिहासात आहे. रोजची चढउतार 1 टक्का धरली, तर वर्षाची होते 1 गुणिले 252 चे (वर्षातल्या बाजाराच्या दिवसांचे) वर्गमूळ, म्हणजे सुमारे 16 टक्के. या हिशेबात 19 ऑक्टोबर 1987 रोजी अमेरिकी शेअर निर्देशांक डाऊ जोन्स एका दिवसात 22.6 टक्के पडणे जवळजवळ अशक्य ठरते. तरी तो पडला. कणाला आपल्याविषयीचा सिद्धांत माहीत नसतो. बाजारात मात्र अनेकांनी एकच नियम वापरला की सगळे एकाच वेळी विकायला धावतात, आणि त्या दिवशी पोर्टफोलिओ विम्याच्या (भाव पडला की विकून तोटा रोखायच्या पद्धतीच्या) स्वयंचलित विक्रीने घसरणीत भर घातली. 1998 मध्ये लाँग-टर्म कॅपिटल हा फंड कोसळला, तेव्हा त्याच्या भागीदारांत शोल्स आणि मर्टन हे दोन नोबेल विजेते होते. गृहकर्जांच्या रोख्यांत गॉसियन कोप्युला (अनेक कर्जे एकाच वेळी बुडण्याची शक्यता काढणारे सूत्र) वापरणाऱ्यांनी घरांचे भाव देशभर एकत्र पडण्याची शक्यता फार कमी धरली होती. 2008 पर्यंत तेच घडले.

त्यानंतर एप्रिल 2011 मध्ये अमेरिकी नियामकांनी बँकांसाठी मॉडेल-जोखमीची (मॉडेल चुकल्याने होणाऱ्या नुकसानीच्या धोक्याची) मार्गदर्शक तत्त्वे काढली. मॉडेल तपासणारा ते बनवणाऱ्यापासून स्वतंत्र असावा, हा त्यांतला एक मुख्य मुद्दा होता. त्यामुळे मॉडेल व्हॅलिडेशन, म्हणजे मॉडेलची तपासणी, हे भक्कम करिअर झाले, आणि विज्ञानातून येणाऱ्याने आधी हेच दार ठोठावावे. इथे काम असते गृहीतके लिहून काढायचे, इनपुट थोडे हलवून उत्तर किती हलते ते पाहायचे आणि मॉडेल उभारताना न वापरलेल्या आकड्यांवर ते चालवून बघायचे. प्रयोगाच्या त्रुटी मोजायची सवय असलेल्याला हे जमते. बाँड (कर्जरोखे), यील्ड (त्यांवरचा परतावा), मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) हा व्यवहार मात्र वेगळा शिकावाच लागतो.