धानाच्या बांधीची माती तपासायची आहे? नागपूर जिल्ह्यासाठी अर्ज, कागदपत्रे आणि नमुना

माती तपासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेला क्षेत्राची अट नाही. रामटेक, मौदा, पारशिवनी, कुही, भिवापूर, कुठेही धान करणारा शेतकरी ती मागू शकतो. पत्रिका गट क्रमांकावर निघते, म्हणून ठेक्याने करणाऱ्याने मालकाचा सातबारा सोबत ठेवावा. बाकी आठ-अ, आधारची प्रत आणि चालू मोबाइल क्रमांक लागतो. अर्ज व नमुना गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्या किंवा नागपूरच्या जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळेत थेट न्या.

कागद सोपे आहेत; बिघडतो तो नमुना.

धान कापून झाले, लाखोळी (धानानंतरचे डाळीचे पीक) निघाली, की पऱ्हे (धानाची रोपे) टाकण्याआधी एप्रिल-मेमध्ये माती घ्या. खत टाकून तीन महिने झालेले असावेत. कन्हार, मोरांड, सिहार, बरडी असे मातीचे प्रकार असतील तर प्रत्येकाचा नमुना वेगळा. वरची बांधी आणि खालची बांधीही एकत्र करू नका: वरची धुपते, खालच्या बांधीत गाळ साचतो, आणि सरासरी दोन्हींच्या कामाची नसते. धुऱ्याजवळची (बांधाजवळची), झाडाखालची, शेणखताच्या ढिगाची आणि मागच्या वर्षी पऱ्हे होते ती जागा सोडा.

नागमोडी चालत ८-१० ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करा, २० सेंटिमीटर खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची चकती काढा. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. ओली असेल तर सावलीत वाळवा. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा खताची रिकामी पिशवी वापरू नका. बादलीतले जस्त मातीत उतरते आणि अहवालात कमतरता झाकली जाते. धानात नेमकी तीच महागात पडते. प्लास्टिकचे घमेले आणि स्वच्छ कापडी पिशवी घ्या. चिठ्ठीवर नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, ओलीत की कोरडवाहू, मागचे पीक आणि तारीख लिहा. गट क्रमांक सातबाऱ्याशी जुळलाच पाहिजे.

पत्रिकेत १२ घटक येतात. सामू (पीएच) ५.५ ते ७ असेल तर धानाला उत्तम. थोडा कमी-जास्त असला तरी घाबरू नका, पाणी साचल्यावर तो उदासीनकडे सरकतो. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोखाली म्हणजे कमी. जस्त ०.६ पीपीएमखाली (दहा लाख भागांत ०.६ भागापेक्षा कमी) असेल तर चिखलणीच्या वेळी एकरी १० किलो झिंक सल्फेट द्या, पण सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून नाही. स्फुरदाशी बांधले गेलेले जस्त मुळांना मिळत नाही.

पाणी किती थांबते हे पत्रिका सांगत नाही. त्यासाठी चिखलणी केलेल्या बांधीत खुंटीवर पाण्याची पातळी खुणावून दुसऱ्या दिवशी पाहा. पाऊस नसताना दिवसाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरत असेल तर आधी धुऱ्यातली खेकड्यांची बिळे बुजवा, मगच युरियाचा पहिला हप्ता टाका.