कानाने वाचलेलं वाचन धरायचं की नाही?

मुलाला वाचायला जड जात असेल तर त्याला धडा ऐकवावा का, हे ठरवायला घरच्या घरी एक साधी गोष्ट करून बघता येते. मुलाला धड्यातला एक परिच्छेद स्वतः वाचायला द्या आणि काय कळलं ते विचारा, मग तितकाच अवघड दुसरा परिच्छेद तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि तसेच प्रश्न विचारा. पहिल्या वेळी मूल घुम्यासारखं गप्प आणि दुसऱ्या वेळी धडाधड उत्तरं, वर दोन प्रश्न उलट तुम्हालाच, असं झालं तर समज शाबूत आहे, गाडी अडतेय ती अक्षरावरून आवाजाकडे जायच्या वाटेवर. (हे निदान नव्हे हां, ते तज्ज्ञांनीच करायचं. पण कुठलं टूल कामाचं हे ठरवायला याचा जबरदस्त उपयोग होतो.)

यामागे एक फॉर्म्युला आहे, १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी मांडलेला. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गंमत त्या गुणाकारात आहे, कारण बेरीज असती तर एक बाजू लंगडी असली तरी दुसरीने सांभाळून घेतलं असतं, पण गुणाकारात एक आकडा शून्याजवळ गेला की दुसरा कितीही मोठा असू दे, उत्तर शून्याजवळच. डिस्लेक्सियात, म्हणजे अक्षरं वाचणंच कायम जड जातं त्या अडचणीत, पहिला आकडा लहान असतो. टेक्स्ट टू स्पीच, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो पहिला आकडा स्वतःच्या अंगावर घेतं आणि मुलाकडे फक्त दुसरा ठेवतं. म्हणूनच ज्याला ऐकूनही नीट कळत नाही त्याला या सॉफ्टवेअरचा फारसा फायदा होत नाही, आणि मग घरचे म्हणतात की टेक्नॉलॉजीचा काही उपयोग नाही. अहो, अडचण एकीकडे आणि औषध भलतीकडे!

वाचून दाखवणारी ही मशीन मुळात डिस्लेक्सियासाठी बनलेलीच नव्हती. १९७६ साली रे कर्झवाइल या अमेरिकन संशोधकाने छापील पान स्कॅन करून मोठ्याने वाचणारं यंत्र आणलं ते अंध लोकांसाठी, आणि सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत गायक स्टीव्ही वंडर होते. पुढे लक्षात आलं की डोळे ठणठणीत असूनही छापील पानाशी झगडणाऱ्यांना हेच हवंय. कायद्याच्या जगालाही ते पटलं, २०१३ च्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात पुस्तकांच्या सुलभ (म्हणजे ऐकता येतील अशा वगैरे) प्रती करायची मुभा अंधांबरोबर वाचन-अक्षमता असलेल्यांसाठीही दिलेली आहे.

मग याने खरंच फरक पडतो का? २०१८ साली वीसेक अभ्यास एकत्र करून बघितलं तर आकलनात फायदा दिसला, पण तो बेताचा, चमत्कार वगैरे नाही. आणि तो नेहमीचा प्रश्न, "याने मूल आळशी होईल ना?" माझं मत असं की दोन कामं वेगळी ठेवा. वाचनाचा सराव रोज वेगळा करून घ्याच, ते टूल करणार नाही. पण इतिहासाचा धडा समजून घ्यायचाय तेव्हा ती इतिहासाची वेळ आहे, तिथे प्रत्येक जोडाक्षराशी कुस्ती खेळून दमलेल्या मेंदूत सनावळी काय राहणार! आवाज चालू असताना तोच शब्द स्क्रीनवर रंगत जातो ती सोय असेल तर चालू ठेवा, नजर जागेवर राहते.

मराठीत आणखी एक भानगड. आपल्याकडे च, ज, झ चे दोन-दोन उच्चार आहेत पण लिहायला अक्षर एकच. "जग सुंदर आहे" आणि "तू जग" यातला ज वेगळा, "चार माणसं" आणि "गुरांना चार" यातला च वेगळा. माणूस अर्थावरून ओळखतो, सॉफ्टवेअर कधीकधी आपटतं. आधीच ध्वनींवर पकड कमी असलेल्या मुलाला मशीनने चुकीचा उच्चार ऐकवला तर गोंधळ वाढतो, म्हणून आवाज निवडताना मराठीच निवडा, हिंदी आवाजावर मराठी मजकूर चालवू नका.

लिहिण्याचं प्रकरण वेगळंच. १९८७ च्या एका अभ्यासात अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित अशा शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलांकडून तीन प्रकारे लिहून घेतलं, हाताने, कॉम्प्युटरवर टाइप करून आणि तोंडी सांगून. नुसत्या टाइपिंगने काहीच खास फरक पडला नाही! तोंडी सांगितलेलं मात्र लांबही होतं आणि चांगलंही. म्हणजे डोक्यात मजकूर होता, तो हातात येईपर्यंत गळत होता. आज तेच काम फोनमधलं बोलून टाइप करणं करतं, पण बोलताना गाडी भरकटते, त्यामुळे आधी चार मुद्दे चित्रांत किंवा शब्दांत काढून समोर ठेवावे लागतात. स्पेलचेकवर फार भरवसा ठेवू नका. "दिन" च्या जागी "दीन" झालं तर दोन्ही शब्द बरोबरच आहेत, लाल रेघ येणार कशी? त्यापेक्षा लिहिलेलं परत ऐकून बघणं बरं, फक्त दिन-दीन सारखी जोडी कानालाही फसवते.

आता जिथे लोकांचे पैसे जातात ते. रंगीत चष्मे आणि पानावर ठेवून वाचायच्या पारदर्शक रंगीत पट्ट्या. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच सांगितलंय की याला पुरावा नाही, कारण डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक वेळा डोळ्यांत नसतं, शब्दातले ध्वनी सुटे करण्यात असतं. स्पेशल फॉन्टचंही तसंच. ख्रिश्चन बोअर या स्वतः डिस्लेक्सिया असलेल्या डच डिझायनरने २००८ मध्ये तळाशी जड असणारी अक्षरं काढली, कल्पना छान होती, पण २०१६ च्या चाचणीत साध्या फॉन्टला तेवढीच मोकळी जागा दिली तर फरकच उरला नाही. जागेचा मात्र खरंच उपयोग आहे. २०१२ साली ७४ इटालियन आणि फ्रेंच मुलांना अक्षरांमधलं अंतर वाढवून दिल्यावर कुठल्याही सरावाशिवाय वेगही वाढला आणि चुकाही कमी झाल्या. देवनागरीत हे जसंच्या तसं करायला जाऊ नका, अक्षरं लांब ओढली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरलेला दिसतो. शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवा, फुकटात होतं.

गणिताच्या टूल्सवर मात्र सगळ्यात कमी काम झालंय. डिसकॅल्क्युलियात, म्हणजे आकड्यांशीच झगडा असतो तेव्हा, कॅल्क्युलेटर दिला की सुटलो असं वाटतं, पण त्यात आकडा उलटा दाबला तर तो चुकीचं उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देतो, आणि या मुलांना उत्तर किती यायला हवं याचा अंदाजच पटकन येत नाही. त्यात आपले आकडे. "पंचवीस" मध्ये पाच आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र दोन आधी. जर्मनमध्येही असंच आहे आणि तिथली लहान मुलंही ऐकून आकडे लिहिताना हीच उलटापालट करतात. म्हणून बोलणारा कॅल्क्युलेटर घेताना तो "पंचवीस" म्हणतो की "दोन, पाच" असं सुटं म्हणतो ते आधी ऐकून बघा, आणि सुटं म्हणायची सेटिंग असेल तर तीच ठेवा.