नगरसेवक किंवा सरपंचाला पदावरून काढायचंय? सह्यांच्या आधी हे वाचा

मागच्या महिन्यात कळव्याहून एक गृहस्थ आले. पिशवीत चार लांब रजिस्टरं. प्रत्येक पानावर पट्टीने मारलेल्या रेघा, नाव, इमारत, मोबाइल, सही. अडीच हजारांवर सह्या होत्या, आणि शेवटच्या काही पानांवर एकाच हाताचं अक्षर स्पष्ट दिसत होतं. "एवढ्यावर नगरसेवक घरी जाईल ना?" मी ठाण्यात कोर्टनाक्याजवळ लोकांचे अर्ज लिहून देतो, हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर दरवेळी तेच, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा दरवेळी तसाच उतरतो.

महाराष्ट्रात मतदारांनी सह्या करून किंवा पुन्हा मतदान घेऊन नगरसेवकाला मुदतीआधी परत बोलवावं, अशी तरतूदच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं. तिथल्या कायद्यात ती सोय आली ती नगराध्यक्षासाठी, आणि तिथेही सुरुवात नगरसेवकांनी करायची असते, मतदारांनी नाही. आपल्याकडे पद जातं ते 'अपात्रता' किंवा 'पदावरून दूर करणे' या दोनच शब्दांखाली. माणूस लबाड आहे, फोन उचलत नाही, निवडून आल्यापासून गाडी बदलली, हे सगळं खरं असेल. पण त्यातलं कायद्याच्या कोणत्या कलमात बसतं ते आधी पाहायचं.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागतो. मुंबईचा कायदा १८८८ चा, वेगळा. दादरच्या कुणा ओळखीच्याकडून नमुना आणून त्यातली कलमं तशीच उतरवलेले अर्ज मी पाहिलेत. ते पहिल्याच टेबलावर आडवे होतात आणि 'त्रुटी' असा शेरा घेऊन महिन्याभराने परत येतात.

दुसरी चूक त्याहून साधी. आपल्याकडे एका प्रभागात साधारण चार नगरसेवक असतात: ठाण्यात ३३ प्रभागांत १३१, नवी मुंबईत २८ प्रभागांत १११. अर्जात नुसतं 'आमच्या प्रभागाचे नगरसेवक' लिहून भागत नाही. प्रभाग क्रमांक, त्यापुढे अ, ब, क की ड ते अक्षर, आणि निकालाच्या अधिसूचनेत छापलंय तसंच पूर्ण नाव. फ्लेक्सवरचं 'दादा', 'भाई' कंसातसुद्धा नको.

आता मुदत, कारण इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. प्रतिज्ञापत्रात काही लपवलं होतं, उमेदवार मुळातच पात्र नव्हता, अशी हरकत असेल तर मार्ग निवडणूक याचिकेचा. कलम १६ प्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून १० दिवसांत, न्यायाधीशासमोर. महापौर निवडीपासून किंवा पहिल्या सभेपासून हे दहा दिवस मोजायचे नाहीत. २०२६ मध्ये निकाल १६ जानेवारीला लागले आणि माझ्याकडे लोक फेब्रुवारीत आले, गुन्ह्यांच्या नोंदींच्या झेरॉक्स घेऊन. कागद चांगले होते. त्यांचा काहीही उपयोग झाला नाही.

निवडून आल्यानंतरच्या वागण्यासाठी कलम १० उघडायचं. त्यातली दोन कारणं लोकांच्या तक्रारींशी जुळतात. एक, महापालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा. इथे 'मेव्हण्याला उद्यानाचं काम दिलं' एवढं पुरत नाही. मेव्हणा असणं हा गुन्हा नाही. त्या कामाच्या पैशात नगरसेवकाचा वाटा आहे हे कागदाने दाखवावं लागतं. भागीदारी पत्र, फर्मच्या नोंदणीचा उतारा, कार्यादेशाची प्रत. हे नसेल तर हे कारण अर्जात घालूच नका, बाकीची कारणंही त्याच्याबरोबर हलकी होतात.

दुसरं कारण आपल्या भागाचं, बेकायदा बांधकामाचं, कलम १०(१ड). नगरसेवकाने स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबिताने अनधिकृत बांधकाम केलं असेल, नगरसेवक म्हणून त्याने अशा बांधकामाला मदत केली असेल, किंवा पाडकामाला आलेल्या अधिकाऱ्याला लेखी वा प्रत्यक्ष अडवलं असेल, तर उरलेल्या मुदतीसाठी अपात्रता. ऐकायला सोपं. पण बांधकामाच्या बाबतीत ही अपात्रता सक्षम अधिकाऱ्याने ते अनधिकृत ठरवल्याच्या तारखेपासून धरतात. लोक आणतात फोटो. चौथा मजला चढतानाचे, स्लॅब पडतानाचे, कधी तर ड्रोनचे. फोटोवर आदेशाचा जावक क्रमांक नसतो. हवा तो प्रभाग समितीने दिलेला, ते बांधकाम अनधिकृत ठरवणारा आदेश, आणि तो कुणाकडेच नसतो. बऱ्याचदा नोटीस निघते, सुनावणी लागते आणि फाइल तिथेच बसते. आदेशच झाला नसेल तर आधी तो मागायचा, अपात्रता नंतर.

तो मिळवायचा माहिती अधिकारातून. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. 'सदर नगरसेवकाच्या सर्व बेकायदा कृत्यांची माहिती द्यावी' असं लिहिलंत तर उत्तर येईल 'माहिती संदिग्ध'. सर्व्हे नंबर किंवा इमारतीचं नाव द्या, कालावधी द्या, आणि 'नोटीस, सुनावणीची टिप्पणी व अंतिम आदेश यांच्या प्रमाणित प्रती' एवढंच मागा. 'का' हा शब्द अर्जात नको. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अपिलाची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, ती चुकली की त्यांना सोयीचं होतं.

कागद हातात आले तरी एक भिंत उरते. नगरसेवकाचं पद गेलं की नाही यावर वाद झाला तर कलम १२ प्रमाणे तो न्यायाधीशाकडे पाठवू शकतात ते कोण? तो नगरसेवक स्वतः, दुसरा कोणताही नगरसेवक, किंवा महापालिकेने विनंती केली तर आयुक्त. नागरिकाचं नाव त्या वाक्यात नाही. म्हणजे अडीच हजार सह्यांपेक्षा तुमच्याच प्रभागातल्या दुसऱ्या एका नगरसेवकाची एक सही इथे जास्त वजनाची. तो विरोधी पक्षाचा असेल तर तयार होईल असं वाटतं, पण उद्या हेच कलम त्याच्या भावाच्या गाळ्यावर फिरेल हे त्यालाही कळतं. कलम १३ खाली गैरवर्तन किंवा लाजिरवाण्या वर्तनासाठी शासन नगरसेवकाला काढू शकतं, त्यासाठी नगरविकास विभागाला निवेदन द्या. फार आशा न धरता द्या. लाच मागितली असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा.

गावाकडे चित्र उलटं आहे, आणि शहरातल्या लोकांना ते सांगितलं की खरं वाटत नाही. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या ग्रामपंचायतीतला सरपंच किंवा सदस्य अपात्र आहे असं वाटलं तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे (महापालिकेचं कलम १६ वेगळं) 'कोणतीही व्यक्ती' जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. एकटी. निर्णय ६० दिवसांत द्यायचा, असं कायदा म्हणतो. कारणं कलम १४ मध्ये. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण हे त्यातलं जोरकस. घर सासऱ्याने बांधलं, सूनबाई फक्त राहतात, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात मान्य केली नाही. पण जागा शासनाची आहे आणि घर तिच्यावर आहे हे सातबारा, नमुना ८ (ग्रामपंचायतीतली घरांच्या कर आकारणीची नोंद) आणि मोजणी किंवा पंचनाम्याने दाखवावं लागतं.

थकबाकीचं कारण लोकांना सगळ्यात आवडतं. मुरबाडच्या एका तरुणाने मला सांगितलं, सरपंचाने चार वर्षं घरपट्टी भरली नाही, अख्ख्या गावाला माहीत आहे. असेल. पण अपात्रता येते ती मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही तर. बिल बजावल्याची पोच आणायला सांगितली तेव्हा कळलं, ग्रामसेवकाने सरपंचाला बिल कधी दिलंच नव्हतं. कसं देणार, रोज शेजारच्या खुर्चीवर बसायचं असतं. अर्ज तिथेच थांबला.

अविश्वास ठरावात गावकऱ्यांचं मत खरोखर मोजलं जातं, पण सर्वात शेवटी. आधी किमान एक तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांना विहित नमुन्यात नोटीस द्यायची, सोबत सात जादा प्रती. सरपंच आणि उपसरपंच दोघांवर ठराव आणायचा तर दोन वेगळ्या नोटिसा. एकाच कागदावर दोन्ही नावं घातली की ठराव वादात सापडलाच. तहसीलदार सात दिवसांत सभा बोलावतात. थेट निवडून आलेल्या सरपंचासाठी तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि ती हजर असलेल्यांची धरत नाहीत, मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांची धरतात. बारा जण पात्र असतील तर नऊ. त्या दिवशी दोघे सदस्य अचानक देवदर्शनाला गेले की ठराव पडला. तो पास झाला तर ग्रामसभा गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब करते, तेव्हा तुमचं मत.

निवडणुकीपासून दोन वर्षं आणि मुदतीच्या शेवटचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. पडला तर पुढची दोन वर्षं पुन्हा नाही. म्हणून घाई करणाऱ्यांना मी आधी सदस्य मोजायला लावतो, बोटांवर, नाव घेऊन. कामातल्या गैरवर्तनासाठी कलम ३९ चा अर्ज बेलापूरला कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे जातो, चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून होते. ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या, पावत्यांच्या प्रमाणित प्रती नसतील तर बेलापूरच्या गाडीभाड्यापुरतंच हाती लागतं.

कुठेही अर्ज दिलात तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा' म्हणतात. एका कार्यालयात मी स्वतः तसा ठेवून आलो होतो. तो अर्ज आजतागायत कुणाला सापडलेला नाही.

कळव्याचे गृहस्थ रजिस्टरं उचलून निघाले होते. मी म्हटलं, थांबा, यातल्या कुणी त्या बांधकामाची लेखी तक्रार केली होती का? आम्ही पानं चाळली. दुसऱ्या रजिस्टरमध्ये शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंची सही निघाली. त्यांना फोन लावला. २०२४ मध्ये त्यांनी प्रभाग समितीला पत्र दिलं होतं, आणि आवक क्रमांक त्यांनी फ्रिजवर चिकटवलेल्या डायरीतून वाचून दाखवला. त्या क्रमांकावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, १३८ शब्दांचा. त्याचे तीस दिवस येत्या मंगळवारी भरतात.