महासंघीय काँग्रेस : प्रतिनिधींची अनुपस्थिती

‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या करारान्वये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चाललेल्या काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय प्रतिनिधिसभेला (१७८१–८९), घटकराज्यांकडून प्रतिनिधी मिळण्यात आलेली अडचण. पाचव्या कलमानुसार प्रत्येक राज्याने दोन ते सात प्रतिनिधी पाठवायचे. मत मात्र राज्याला एकच. एकटाच प्रतिनिधी हजर असेल, तर त्या राज्याचे मत धरले जात नसे. खर्च राज्यानेच सोसायचा असल्याने तंगीतील राज्ये मोजकीच माणसे धाडीत. सहा वर्षांत तीन वर्षांहून अधिक काळ सदस्य राहता येत नसे. त्यामुळे मुरलेली माणसेही परतत.

तह, युद्ध व कर्ज यांसाठी नऊ राज्यांची संमती लागे. या अटीने सर्वांत मोठा पेच ब्रिटनशी चाललेले स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहावेळी आणला. तहावर ३ सप्टेंबर १७८३ रोजी सह्या झाल्या. अनुसमर्थनपत्रांची (तह मंजूर केल्याच्या अधिकृत पत्रांची) अदलाबदल सहा महिन्यांत व्हायची होती. २३ डिसेंबरला काँग्रेसच्या तेव्हाच्या बैठकस्थानी, ॲनापोलिस येथे, वॉशिंग्टनने सेनापतिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा समोर सुमारे वीस प्रतिनिधी व जेमतेम सात राज्ये होती. तहाच्या प्राथमिक कलमांना नऊ राज्यांची संमती आधीच मिळाली असल्याने आता सात पुरेत, असे काहींचे म्हणणे पडले. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी टॉमस जेफरसनने त्यास विरोध केला : असे अनुसमर्थन ब्रिटनला अवैध ठरवता आले असते. कराराच्या शब्दांकडे पाहता त्याचीच बाजू अधिक सयुक्तिक वाटते. साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी रिचर्ड बेरेसफर्ड फिलाडेल्फियात आजारी होता; त्याच्याविना त्या राज्याचे मत धरता येत नव्हते. तो येऊन पोहोचल्यावर १४ जानेवारी १७८४ रोजी नऊ राज्यांनी तह मंजूर केला. अदलाबदल मुदत टळल्यावर, मे महिन्यात झाली. ब्रिटनने हरकत घेतली नाही.

जॉन फिस्कप्रभृती एकोणिसाव्या शतकातील इतिहासकारांना या गैरहजेरीत राष्ट्र मोडकळीस आल्याचे लक्षण दिसले. विसाव्या शतकातील इतिहासकार मेरिल जेन्सन यांनी हे चित्र अतिरंजित ठरवले. तरीही निव्वळ हजेरीपुरते पाहिल्यास जुने मत सहज टाकून देता येत नाही. नोव्हेंबर १७८५ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी निवडला गेलेला जॉन हॅनकॉक आजारपणामुळे एकदाही आसनावर बसला नाही.

ऑक्टोबर १७८८ नंतर गणसंख्या (कामकाजास लागणारी किमान हजेरी) पुन्हा भरली नाही. चिटणीस चार्ल्स टॉमसनच्या कामकाज-वहीत त्यानंतर हजर झालेल्यांची नावे तेवढी आढळतात. अखेरची नोंद २ मार्च १७८९ ची, न्यूयॉर्कच्या फिलिप पेलची. नव्या संविधानाने सदस्यांचे वेतन केंद्रीय तिजोरीतून दिले. तरी ४ मार्चला भरायच्या नव्या काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाची गणसंख्या १ एप्रिलला, सिनेटची ६ एप्रिलला पुरी झाली.