स्थितांबरातील जलबाष्प

तपांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या, वर, ध्रुवांकडे सुमारे ८ आणि विषुववृत्तावर सुमारे १७ किलोमीटर उंचीपासून सुरू होणाऱ्या स्थितांबरात असलेली पाण्याची वाफ. कोकणातल्या पावसाळी हवेत दर शंभर रेणूंमागे पाण्याचे तीन-चार रेणू सापडतात. स्थितांबरात दर दहा लाखांमागे जेमतेम चार ते सहा. एवढ्याशा बाष्पाचा पृथ्वीच्या तापमानावर आणि ओझोनवर मोजता येईल इतका परिणाम होतो.

हा थर इतका कोरडा का, याचा उलगडा भौतिकशास्त्रज्ञ ॲलन ब्रूअर यांनी १९४९ मध्ये केला. इंग्लंडवर विमानातून घेतलेल्या नोंदींत वरची हवा फारच कोरडी निघाली होती. तिथल्या तपस्तब्धीची (तपांबर आणि स्थितांबर यांमधल्या सीमेची) थंडी बाष्प इतके गोठवायला पुरेशी नव्हती. म्हणजे ही हवा विषुववृत्तावरूनच वर चढून आलेली असणार. तिथे तपस्तब्धीजवळ तापमान उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि बहुतेक बाष्प बर्फ होऊन खालीच राहते. बाष्पाचा दुसरा स्रोत मिथेन: त्याच्या एका रेणूच्या विघटनातून वर पाण्याचे सुमारे दोन रेणू तयार होतात. मिथेनची वाढ म्हणूनच दुहेरी महाग पडते.

हे बाष्प खालून येणारी उष्णता अडवून भूपृष्ठ तापवते, पण स्वतःची उष्णता अवकाशात सोडून स्थितांबराला थंड करते. २००० नंतर ते सुमारे १० टक्क्यांनी घटले. सुझन सॉलोमन व सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार, त्यामुळे पुढच्या दशकातील तापमानवाढीचा वेग जवळपास पाव हिश्श्याने मंदावला.

ओझोनला फटका दोन वाटांनी बसतो. बाष्पातून निर्माण होणारे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन व हायड्रोजनच्या एकेका अणूचा अतिक्रियाशील कण) ओझोनचा थेट नाश करते. शिवाय ध्रुवावर बाष्प वाढले, की कडक थंडीतले ढग अधिक सहज तयार होतात आणि त्यांच्या कणांवर निष्क्रिय क्लोरीन सक्रिय होऊन ओझोन नष्ट करते.

१५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरातील टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीने याची प्रत्यक्ष चाचणीच घेतली. मुख उथळ समुद्राखाली असल्याने स्फोटाबरोबर समुद्राचे पाणीही वाफ होऊन उसळले. लोट ५५ किलोमीटरच्याही वर गेला. ‘ऑरा’ उपग्रहाच्या मोजणीनुसार सुमारे १४ ते १५ कोटी टन पाणी, म्हणजे स्थितांबरातील एकूण बाष्पाच्या दहाव्या भागाइतके, एका दिवसात वर पोचले. हे बाष्प दक्षिणेकडे पसरेपर्यंत २०२२ चा अंटार्क्टिक ध्रुवीय भोवरा (ध्रुवाभोवती हिवाळ्यात फिरणारे, आतली हवा वेगळी ठेवणारे वाऱ्यांचे कडे) आकाराला आला होता, त्यामुळे त्याच्या आत ते २०२३ मध्येच शिरले.

२०२३ च्या विक्रमी उष्म्याचे खापर अनेकांनी हुंगावर फोडले. ते रास्त नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड फेकून पृथ्वीला सुमारे अर्धा अंश थंड केले होते. हुंगाचा सल्फर डायऑक्साइड पाच लाख टनांच्या आसपासच होता. तरी त्यापासून बनलेल्या सूक्ष्मकणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि नंतरच्या गणितांत बाष्पाची ऊब त्यापुढे फिकी पडली. एकूण परिणाम अगदी किरकोळ, तोही थंडाव्याकडे झुकणारा निघाला.