कानाला हात पुरला का?

जन्मदाखला कुणी मागत नव्हतं त्या काळात आमच्या गावचे गुरुजी पोट्ट्याला समोर उभं करत आणि म्हणत, "डोक्यावरून हात ने अन् पलीकडचा कान धर." बोटं कानाला टेकली की नाव पटावर चढलं. तारीख बहुतेक १ जुलै. वऱ्हाडातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्यामुळंच एका दिवशी येतो.

ही रीत हसण्यावारी नेऊ नका. जन्मलेल्या बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या चौथाई असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा हिस्सा. म्हणजे डोकं आधी वाढून घेतं. सहाव्या वर्षी मेंदूचा आकार मोठ्यांच्या ९० टक्क्यांच्या घरात पोचलेला असतो, हातपाय मात्र मागून लांबत राहतात. त्यामुळं तीन वर्षांच्या लेकराचा हात टाळूपाशीच अडतो आणि सहा-सातच्या सुमारास कानाला पुरतो. पण गुरुजी मोजत होते ती हाडं, समज नव्हे. खायची आबाळ होऊन उंची खुंटलेल्या पोराचा हात उशिरा पुरू शकतो, मग ते कितीही हुशार असो.

हाताकडं जरा अजून बघू. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक हाड असते, एक्सरेत दिसतच नाही. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं उमटतात, मग सावकाश एकेक. सहाव्या वर्षापर्यंत सात होतात. वाटाण्याएवढं आठवं थेट आठ ते बाराच्या दरम्यान येतं. हाडं कच्ची म्हणून लिहिता येत नाही, असं मात्र नाही. खरी अडचण बोटांवरच्या ताब्याची असते. लेकरू आधी खडू मुठीत धरतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी पकड चार ते सहाच्या दरम्यान बसते. तिसऱ्या वर्षी गोल जमतो, चौथ्याला अधिकची फुली, पाचव्याच्या आसपास चौकोन, त्यानंतर त्रिकोण. पतंगासारखी तिरकी आकृती सहा-सातला. आणि आपण चौकोन न जमणाऱ्या हाताकडून पानभर 'क्ष' गिरवून घेतो! अक्षर उलटं काढलं म्हणून पाठीत धपाटा घालणारे बापही मी पाहिलेत. सातव्या वर्षापर्यंत तसं होणं सर्रास आहे.

समजेचं म्हणाल, तर घरीच बघा. दोन सारख्या पेल्यांत सारखं ताक ओता, मग एकातलं उंच, अरुंद गिलासात. पाच वर्षांचं पोरगं "यात जास्त" म्हणेल. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजे यांनी हे दाखवून दिलं. सातच्या सुमारास तेच पोरगं तुम्हाला वेड्यात काढतं.

कायद्यानं पहिलीचं वय सहा आहे. तोवर बोटांना काम हवं तर हिवाळ्यात आजीशेजारी बसून तुरीचे सोले काढू द्या. चिमटीला असला व्यायाम कुठल्याच वहीत नाही. सोबत अंगणात लंगडी. एका पायावर उड्या मारणं चार-पाचला जमू लागतं.

महिना-दोन महिने मागंपुढं झालं तर घाबरू नका. पण पाचव्या वर्षीही परक्याला बोलणं कळत नसेल, पोरगं सारखं पडत असेल किंवा येत असलेलं विसरत चाललं असेल, तर थांबू नका. लेकरं तपासणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं सरकारी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका.