पेट स्कॅन पुण्यापर्यंत पोहोचला तो असा

पुण्यात एखाद्या घरात कॅन्सरचं निदान झालं, की चार-आठ दिवसांत ‘पेट स्कॅन करून घ्या’ हे ऐकायला मिळतंच. सातारा, नगर, सोलापूरहूनही माणसं त्यासाठी उपाशीपोटी पहाटेची गाडी धरतात. पेट स्कॅन म्हणजे खरं तर पीईटी (पेशींची हालचाल दाखवणारी) आणि सीटी (एक्स-रेनं शरीराच्या आतली रचना दाखवणारी) या दोन तपासण्यांची जोडी, आणि ती जमायला बराच काळ गेला.

सीटी थोरली. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये इंग्लिश अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. गाठ कुठे आहे, केवढी आहे हे सीटी चोख सांगते. पण ती गाठ अजून जिवंत आहे की उपचारानंतर उरलेला व्रण, हे तिला बहुतेकदा कळत नाही.

ती उणीव साखरेनं भरून काढली. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भरमसाट वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकातच दाखवलं होतं. ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडून तयार केलेलं एफडीजी 1976 मध्ये अमेरिकेत प्रथम माणसाला टोचलं गेलं. साखर जिथे जास्त खर्च होते ती जागा पीईटीत उजळते. मात्र चित्र धूसर. डॉक्टर पीईटी आणि सीटीच्या वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या फिल्म शेजारी शेजारी लावून अंदाज बांधत. तोवर आतडी सरकलेली, श्वासाची लय बदललेली. ठिपका लसिकाग्रंथीत आहे की शेजारी, यावर तर स्टेज आणि ऑपरेशन ठरायचं!

भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड टाउनसेंड आणि अभियंते रॉन नट यांनी ही अडचण मुळातूनच सोडवली. त्यांच्या पुढाकारानं दोन्ही यंत्रं एकाच सांगाड्यात आली आणि 1998 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला पहिला नमुना बसला. रुग्ण त्याच टेबलावर, त्याच स्थितीत; चित्रं एकमेकांवर नेमकी बसू लागली. पुढच्या काही वर्षांत एकटं पीईटी यंत्र जवळपास बाजारातूनच गेलं.

भारतात खरी अडचण औषधाची, म्हणजे एफडीजीची होती. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे साठा करून ठेवायची सोयच नाही. 2002 मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) सुरू झाला आणि ते इथे बनू लागलं. मुंबईहून निघालेल्या डोसला घाटातल्या कोंडीमुळे पुण्यात टोचेपर्यंत पावणेचार तास लागले, तर त्यातला जेमतेम पाव भाग उरतो. म्हणून दिलेली वेळ पाळा, असं सेंटरवाले कळकळीनं सांगतात. इंजेक्शननंतर तासभर गप्प, उबेत बसवतात तेही उगाच नाही: बोललं तर घशाचे स्नायू साखर ओढतात, थंडी वाजली तर मानेजवळची चरबी उजळते.

लवकर निदानाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. आकार बदलण्याआधीच पेशींची हालचाल दिसते, त्यामुळे पसरलेला किंवा उलटलेला कॅन्सर अनेकदा लवकर सापडतो. लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) दोन-तीन केमोनंतरच औषध लागू पडतंय का ते कळतं. पण काही मिलिमीटरच्या गाठी निसटतात. धडधाकट माणसानं वार्षिक चेकअप म्हणून हा स्कॅन करू नये. किरणोत्सर्ग फुकटचा अंगावर पडतो. आणि आपल्याकडे टीबीच्या गाठीही तशाच उजळतात. रिपोर्टमध्ये ठिपका दिसला म्हणून धीर सोडू नका, डॉक्टर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) सुचवत असतील तर ती आधी करा.